एकांताला गर्दी लागते

डोंगरात एकटं राहायचं असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर जावं. तिथे भज्यांच्या कढईपुढे रांग असते, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणं चालू असतं, कोकणकड्याच्या वाटेवर माणसामागे माणूस चाललेला असतो, आणि या सगळ्यात तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात हे विचारायला एक जण फिरकत नाही. शेजारी उभा राहिलेला गृहस्थ खांद्याला खांदा लावून ढगाआड न दिसलेला सूर्यास्त बघतो आणि शब्दही न बोलता निघून जातो. इतका शुद्ध एकांत ऋषिमुनींनाही मिळाला नसेल. उलट ज्याला खरोखरच निर्मनुष्य डोंगर हवा असतो तो नकाशा उघडतो. त्याच हरिश्चंद्रगडापासून पूर्वेकडे निघालेली, अहिल्यानगरमधून बीड, धाराशिव, लातूरकडे उतरत गेलेली बालाघाटाची रांग त्याला दिसते. तिच्यावर ना कुठला गाजलेला ट्रेक, ना शनिवारी रात्री सुटणारी बस. हे पाहून त्याला हर्ष होतो, आणि एका पावसाळी सकाळी पाठीवर पिशवी टाकून तो पाटोदा तालुक्यात उतरतो. त्याचा एकांत तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की हा योगायोग नाही, हा नियम आहे: डोंगरावर माणसं जितकी कमी तितकं एकटं राहणं अवघड, आणि बीड जिल्ह्याच्या डोंगरावर पावसाच्या दिवशी तर ते जवळजवळ अशक्य.

आधी डोंगराचं पाहू, कारण पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकाचा पहिला आक्षेप तिथेच असतो: बीडला डोंगर आहे कुठे? कळसूबाई १६४६ मीटर. बालाघाटाची उंची साधारण ५५० ते ८२५ मीटरच्या दरम्यान सांगतात, आणि बीड शहरच मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटरवर बसलेलं आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त चढ एसटीने आधीच चढून दिलेला असतो. शिवाय हा डोंगर चढणाऱ्याला शाबासकी द्यायला तयार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, पाण्याने कडा खाल्ल्या आणि माथे सपाट राहिले. त्यामुळे ओल्या धोंड्यांना धरत, निसटत्या मुरमावर दोन पावलं पुढे आणि एक मागे करत माणूस ज्याला शिखर समजून वर पोचतो, तिथे बाजरी उभी असते, पत्र्याची शाळा असते, आणि पारावरचे चार जण हा पाहुणा रस्ता सोडून कड्याच्या बाजूने का उगवला यावर बोलत असतात. मांजरसुंब्याचा घाट चढला की वर नेकनूर, लिंबागणेश, पाटोदा, केज अशी अख्खी दुनिया नांदते. तिथे बाजार भरतात, लग्नं लागतात, निवडणुका होतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर तहसील कचेरी असती तर १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग यांना झेंडा रोवण्याआधी रहिवासी दाखला मागितला गेला असता. बालाघाट चढणाऱ्याची गत साधारण तशीच होते.

तरीही हा डोंगरच, आणि त्याचा पुरावा पाण्याने दिलेला आहे. पाटोद्याकडच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला तीन वाटा फुटतात. उत्तरेकडे घरंगळलेलं पाणी सिंदफणेत जातं आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच, मंजरथला, गोदावरीला मिळतं. मांजरा मात्र पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीजवळ उगम पावून पूर्वेची वाट धरते, ७२४ किलोमीटर चालते, लातूर, बिदर, तेलंगण असा मुलूख बघते आणि शेवटी कंदकुर्तीला त्याच गोदावरीच्या पदरात पडते. जवळची गाडी सोडून सगळ्या नातेवाइकांच्या दारावरून घरी जाणाऱ्या एखाद्या आत्याबाईसारखी. तिसरं पाणी सौताड्याच्या कड्यावरून उडी घेतं, विंचरणेतून सीनेला जातं, म्हणजे भीमेला, म्हणजे कृष्णेला. गोदावरी की कृष्णा, हा एवढा मोठा निकाल ज्या माथ्यावर लागतो तो सपाट आहे म्हणून त्याला डोंगर न म्हणणं हा अन्याय झाला, आणि अन्यायाचा अनुशेष मराठवाड्याकडे तसाही पुष्कळ साठलेला आहे.

पावसाचा हिशेब याहून नाजूक. हवामान खात्याच्या लेखी चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. सह्याद्रीत अडीच मिलिमीटरला कुणी छत्रीही उघडत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बीडची वर्षाची सरासरी साडेसहाशे-पावणेसातशेच्या घरात, तीही कागदावर. त्यामुळे बालाघाटात पावसात भिजायला निघालेल्याची पहिली अडचण ही की पाऊस यायला हवा. हवामान खात्यावर भरवसा नसलेल्यांसाठी पंचांग आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर, मोर, गाढव किंवा उंदीर असेल तर मध्यम, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ, आणि घोडा असेल तर पर्वतक्षेत्रात पाऊस. गिर्यारोहकाने अर्थातच घोड्याचं नक्षत्र गाठावं. फक्त तो पर्वत बालाघाट की महाबळेश्वर, याचा खुलासा पंचांगकर्ते करत नाहीत, आणि आजवरचा अनुभव पाहता घोडा पश्चिमेकडेच जास्त रमतो. कधी तो उलटतोही. १९८९ च्या जुलैत बिंदुसरा नदीने बीड शहरात शिरून जे केलं ते तिथली माणसं विसरलेली नाहीत, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आष्टीपासून माजलगावपर्यंत पाण्याने शेतं नुसती बुडवली नाहीत, माती उचलून नेली. म्हणजे हा पाऊस एक तर येत नाही, आणि आला तर घरच्यासारखा वागतो. लाडही करतो आणि भांडीही फोडतो.

इथे विचारी वाचक म्हणेल की पाऊस पडला म्हणजे माणसं घरात बसतील, आणि डोंगर आपोआप मोकळा होईल. हा मुंबईचा हिशेब झाला. मुंबईत पाऊस माणसाला कोंडतो. बीडमध्ये पाऊस माणसाला बाहेर काढतो. दोन दिवस बरा पडला की पालीजवळच्या बिंदुसरा धरणावरून चादर पडते का हे बघायला अख्खं बीड निघतं, म्हाताऱ्या आजीसकट. कपिलधारचा धबधबा आणि सौताड्याचा कडा यांच्याकडे जाणाऱ्या मोटारसायकलींवर तीन-तीन माणसं आणि एक भिजलेलं पोर असतं. ही झाली हौशी मंडळी. डोंगरावरची माणसं कामाने बाहेर पडतात. बांध फुटला का, पाझर तलावात किती आलं, बाजरी आडवी झाली का, विहिरीला पाणी उतरलं का, हे सगळं पाऊस चालू असतानाच बघायचं असतं. मेंढरांना तर पावसाची सुट्टी ठाऊकच नाही, त्यामुळे मेंढपाळ घोंगडीची खोळ करून माथ्यावर हजर. ज्याच्याकडे घोंगडी नाही तो पोत्याची करतो. सांगायचं ते असं की पावसाच्या दिवशी बालाघाटावरचा प्रत्येक जण काही तरी सबळ कारण घेऊन बाहेर पडलेला असतो. कारण नसलेला माणूस त्या दिवशी डोंगरावर एकच असतो, आणि तो लांबून दिसावा म्हणून त्याने भगव्या-पिवळ्या रंगाचं महागडं जाकीट घातलेलं असतं.

आता डोंगरावरच्या माणसांच्या बाजूने विचार करा. माळावर, भर पावसात, एक अनोळखी माणूस. पायात जाड बूट, हातात दोन काठ्या, आणि दर दहा पावलांवर थांबून मोबाइलने जमिनीचे फोटो काढतो. हा कोण असेल? जिल्ह्याच्या इतिहासाने या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार ठेवली आहेत. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची. गाडी बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या तीस वर्षांत हातात काही तरी यंत्र धरून माळावर उभा असलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, हे दोन पिढ्यांनी बघून ठेवलं आहे. रेल्वेची नसेल तर रस्त्याची मोजणी, रस्त्याची नसेल तर पवनचक्कीची जागा. आणि नेमका पाऊस धो धो झालेला असेल तर सगळ्यात आशादायक शक्यता: पंचनामा. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी झाली की कुणी तरी येऊन फोटो काढून नेणार, एवढं इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. अशा वेळी निसर्गसौंदर्य टिपणाऱ्या माणसाला चार जण आदराने आपापल्या शेतात नेतात, लोळलेली बाजरी दाखवतात, गट नंबर सांगतात, आणि ‘आमचंबी लिहून घ्या साहेब’ म्हणतात. यात फसवणूक कुणीच कुणाची केलेली नसते. जिथे पावसात भिजत येणारा प्रत्येक परका आजवर सरकारचा, कंपनीचा नाही तर विम्याचा निघाला, तिथे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने आणि कुठलाही फॉर्म न घेता आलेला माणूस ही कल्पनाच बसत नाही.

ती का बसत नाही याला आणखी एक, जरा कडू कारण आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा झाला की लाखो माणसं कोयता, भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. उन्हापावसात राहणं, पाठीवर ओझं घेणं, उघड्यावर निजणं, पहाटेच्या अंधारात चालायला लागणं, हे सगळं ते उचल घेऊन करतात, आणि फिटेपर्यंत करतात. त्याच जिल्ह्यात एक माणूस पुण्याहून येतो, पाठीवर ओझं घेतो, उघड्यावर निजतो, पहाटे चालायला लागतो, आणि याबद्दल त्याला कुणी पैसे देत नाही. उलट त्यानेच पिशवीला सहा हजार मोजलेले असतात. अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्रामाणिक विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडायला हवा. बालाघाटातल्या मेंढपाळाला तो पडतो, आणि तो विचारतो. ‘कोन्या गावचं पाव्हणं? एकलेच? कामून?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्यापाशी गिर्यारोहणाचं सगळं तत्त्वज्ञान चिखलात रुततं. ‘असंच, फिरायला’ हे उत्तर खरं असलं तरी जगात याच्याइतकं संशयास्पद उत्तर दुसरं नाही. ‘असंच’ म्हणणारा माणूस एक तर गुप्तधनाच्या मागावर असतो किंवा घरी भांडून निघालेला असतो. पहिला असेल तर लक्ष ठेवायला हवं, दुसरा असेल तर चहा पाजून समजूत काढायला हवी. दोन्ही परिस्थितींत त्याला एकटं सोडणं चूक, हा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे.

गिर्यारोहकांना हा अनुभव बीडची खोड वाटतो. तसं नाही. १३३६ च्या एप्रिलमध्ये इटालियन कवी पेत्रार्क फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगरावर गेला, फक्त वर जाऊन बघायचं म्हणून. युरोपात हौसेखातर डोंगर चढण्याची गोष्ट सांगताना त्याचं नाव पहिल्यांदा घेतात. त्या चढाईच्या पत्रात उतारावर एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो म्हणतो, पन्नास वर्षांपूर्वी मीही असाच हुरूप येऊन वर गेलो होतो. पश्चात्ताप, दमणूक आणि काट्यांनी फाटलेले कपडे याशिवाय काही हाती लागलं नाही. म्हणजे हौशी गिर्यारोहणाच्या पहिल्याच नोंदीत ‘कामून’ विचारणारा हजर आहे. आणखी गमतीची गोष्ट: सोबत कुणाला न्यावं यावर पेत्रार्कने बराच खल केला. हा मित्र फार हळू, तो फार घाई करणारा, एक फार बोलका, दुसरा फार गप्प. शेवटी धाकट्या भावाला घेऊन गेला. एकटं जाण्याचं त्याने मनावर घेतलं नाही. शहाणा होता. मेंढपाळांशी गाठ पडणार हे त्याला ठाऊक असावं.

चौकशीचा हा भाग गिर्यारोहणाच्या शास्त्रात अजून आलेला नाही, आणि त्यामुळे बालाघाटातली सगळी वेळापत्रकं चुकतात. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तीन शिखरांची वाट चालून एक सूत्र मांडलं: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्याची वाट दहा मैलांची, चढ ६३०० फूट, आणि वेळ लागला साडेसहा तास. गणित जवळजवळ मिनिटाला मिनिट जुळतं. आजही जगभर हेच सूत्र वापरतात. आता ते बालाघाटाला लावू. समजा पंधरा किलोमीटर चाल आणि सगळे चढउतार धरून सहाशे मीटर चढ. नेस्मिथच्या मते चार तास. पण नेस्मिथला वाटेत कुणी ‘बसा, उघडू द्या’ म्हणालं नव्हतं. बालाघाटात दर माणसामागे दहा मिनिटं चौकशीची धरावी, दर वस्तीमागे अर्धा तास चहाचा, आणि वस्तीत कुणी पुण्याला नोकरीला असेल तर त्याला फोन लावून ‘हे घ्या, तुमच्याकडचेच पाव्हणे हायेत, बोला’ या सोपस्काराचा वेळ वेगळा. सीताफळाचे दिवस असतील तर हिशेबच सोडून द्यावा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. धारूर-अंबाजोगाईकडच्या उतारांवर ही झाडं कुणी न लावता उगवतात, आणि पिशवी भरून दिल्याशिवाय लोक माणसाला पुढे सोडत नाहीत. दोन किलो सीताफळं आणि सोलो ट्रेक एका वेळी पाठीवर राहू शकत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, की हा माणूस वाटेने जातो म्हणून माणसं भेटतात. वाट सोडावी, आडरानात शिरावं. शिरून बघावं. वाट सोडली की मेंढरं लागतात, आणि मेंढरांबरोबर मेंढपाळ आलाच. मेंढपाळाकडे हल्ली मोबाइल असतो, आणि डोंगराच्या माथ्यावर रेंज गावापेक्षा चांगली मिळते. त्यामुळे पुढच्या वाडीत पोचण्याआधी तुमचं जाकीट पोचलेलं असतं. निदान नायगावच्या मयूर अभयारण्यात तरी कुणी नसेल? १९९४ साली जाहीर झालेलं हे सुमारे तीस चौरस किलोमीटरचं रान पाटोदा तालुक्यातच आहे. तिथे चौकशीचं काम मोर करतो. पावसाच्या तोंडावर एक मोर ओरडला की पलीकडच्या टेकाडावरचा दुसरा त्याला दुजोरा देतो, आणि अख्ख्या खोऱ्याला कळतं की कुणी तरी आलं आहे.

आता माझा मुख्य साक्षीदार. एकांत शोधायला बालाघाटात येणारे हे जाकीटवाले पहिले नव्हेत. त्यांच्या आधी शेकडो वर्षं या क्षेत्रातले खरे जाणकार इथे येऊन गेले. नाथपंथाने या रांगेत डेरा टाकला: मच्छिंद्रनाथांचं ठाणं आष्टी तालुक्यात सावरगावजवळच्या मायंब्याला, गहिनीनाथांचा गड पाटोदा तालुक्यात चिंचोलीला. बाराव्या शतकात ‘विवेकसिंधु’ लिहिणारे मुकुंदराज अंबाजोगाईजवळच्या दरीत, कपारीत विसावले. मन्मथस्वामींनी तर मांजरसुंब्याच्या पुढे, धबधब्याच्या खोबणीत, कपिलधारची जागा निवडली. जागा म्हणून यांची निवड बिनचूक होती: कडा, दाट झाडी, पाणी, आणि माणसाचा मागमूस नाही. निकाल काय लागला? कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून भाविकांचा महापूर लोटतो. दिंड्या, पालख्या, पंगती. बाकीच्या ठिकाणांनाही रस्ता, एसटी, प्रसादाची दुकानं, आणि वर्षातले ठरलेले दिवस पाय ठेवायला जागा नाही. ज्यांनी संसार सोडला, नाव-गाव सोडलं, अन्नपाण्याची फिकीर सोडली, त्यांनाही बालाघाटाने एकटं राहू दिलं नाही. मग शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून, सोमवारी सकाळच्या मीटिंगला परत पोचायचं ठरवून आलेल्या माणसाने कसली आशा धरावी? शिवाय त्या सत्पुरुषांना लोक ‘कामून आलाव’ असं विचारत नव्हते; त्यांचं कारण उघड होतं.

इथे तत्त्वज्ञानाकडे झुकलेले वाचक हात वर करतील: एकांत हा मनात असतो, बाहेर किती माणसं आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. मान्य. पण ज्याचं मन गर्दीतही एकटं राहू शकतं त्याने बीडच्या बसस्थानकावर बाकड्यावर बसावं. त्यासाठी गुडघ्यांना त्रास देऊन कपिलधारचा डोंगर चढण्याची गरज नाही. डोंगर चढणारा माणूस एकांत बाहेरून मिळवायला निघालेला असतो. त्यामुळे तो बाहेर आहे की नाही हीच चौकशी रास्त.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो शहरी वाचक जरा तिरसटपणे घेतात: कोण कुठे चालला आहे हे विचारण्याचा या लोकांना अधिकार काय? खासगीपण नावाची काही गोष्ट आहे की नाही? आहे. पण डोंगरात एकट्याने जाणाऱ्याला जगभरची माहितीपत्रकं पहिला सल्ला कोणता देतात ते पाहा: कुठे जाणार, कुठल्या वाटेने, कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून निघा. सह्याद्रीत माणूस धुक्यात कड्याखाली गेला की गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना आधी हेच शोधावं लागतं की तो शेवटचा कुणाला दिसला. रात्र या शोधातच जाते, कारण त्याच्या शेजारून गेलेल्या दोनशे जणांनी त्याच्याकडे पाहिलेलं नसतं. एकांताचा मान राखलेला असतो. बालाघाटात हा प्रश्न उद्भवतच नाही. संध्याकाळपर्यंत चार वाड्यांना तुमच्या जाकिटाचा रंग, बुटाची किंमत, गाव, आडनाव, जमीन किती, पोरं किती, आणि दुपारी कुठल्या बांधावर भाकरी खाल्लीत हे तोंडपाठ असतं. तुम्ही तासभर दिसला नाहीत तर कुणी तरी बॅटरी घेऊन निघतं. उपग्रहाशी बोलणारी जी यंत्रं शहरातले लोक मनगटावर बांधतात त्यांना हे जमत नाही. त्यांना आकडे कळतात, तुम्ही घरी भांडून आलात की काय हे कळत नाही. एक कबुली मात्र द्यायला हवी. चालणारी बाई असेल तर ‘एकलीच?’ या प्रश्नाचा सूर बदलतो, आणि तो कधी मायेचा असतो, कधी नसतो. तिथे माझं हे गणित सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, आणि ते तसं लागू पडतं असा आव आणणं लबाडीचं होईल.

काही हुशार मंडळी यावर वेळ बदलण्याचा तोडगा काढतात. दसऱ्यानंतर या, तोड सुरू झाली की वाड्याच्या वाड्या ओस असतात. असतात खऱ्या. त्या वेळी घरांना कुलपं असतात, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं ओट्यावर बसून येणारा-जाणारा बघत असतात. त्यांच्याकडे प्रश्न तितकेच आणि वेळ दसपट. शिवाय तोपर्यंत पाऊस गेलेला असतो, आणि पाऊस नसलेल्या बालाघाटावर एकटं भिजायची हौस भागणार कशी?

म्हणून माझ्या मते या डोंगरात एकट्याने जाणाऱ्याने नकाशा, दोर, शिट्टी यांच्या आधी एक उत्तर तयार ठेवावं. ‘साहस’ चालत नाही. विमा न उतरवता केलेलं साहस इथे प्रत्येक खरीप हंगामात होतं. ‘निसर्ग’ चालत नाही; तो दारातच आहे. ‘स्वतःला शोधायला’ म्हणणाऱ्याला तर ताबडतोब घरच्यांचा नंबर मागितला जाईल. ‘व्यायाम’ ऐकल्यावर विहिरीचा गाळ काढायचं काम समोर येण्याचा धोका आहे. सगळ्या कसोट्यांना उतरणारं उत्तर एकच: पाऊस बघायला आलो. हे उत्तर कुणी नाकारत नाही, कारण ज्या माथ्यावरच्या पावसावर मांजरा भरते की नाही हे ठरतं, आणि तिच्यावरचं केज तालुक्यातलं धनेगावचं धरण न भरल्यामुळे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या माथ्यावर पाऊस बघणं हे रिकामटेकड्याचं काम नाही. तिथे प्रत्येक जण तेच करत असतो. उत्तर ऐकताच समोरच्याचा चेहरा निवळतो, पोत्याची खोळ मागे सरते, गुप्तधनाचा संशय मिटतो. अडचण एवढीच की त्यानंतर तो म्हणतो, ‘मंग इथं काय उभे ऱ्हायलात? आमच्या वस्तीवर चला, तिथून तळ्यात पानी येताना दिसतंय,’ आणि पुढे चालायला लागतो. बाजूच्या बांधावरचे दोघे, त्यांची पोरं आणि एक कुत्रं तोपर्यंत मागे लागलेलं असतं.